मार्चमधला चुरडा, नोव्हेंबरमधला उपाय: फ्रीमाँटच्या परसातलं पीचचं झाड

परिस्थिती

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या पूर्वेला फ्रीमाँट आहे. तिथल्या एका मराठी घराच्या मागच्या अंगणात घराबरोबरच मिळालेलं, आठ-दहा वर्षांचं, चौदा फूट उंचीचं पीचचं झाड. जात कुणालाच ठाऊक नाही. फळ जुलैत पिकतं, गर पिवळा असतो आणि कोय सहज सुटते. या भागातल्या परसबागांत पुन्हापुन्हा दिसणाऱ्या अडचणी इथे एका झाडावर एकत्र करून मांडल्या आहेत.

तक्रार अशी. फेब्रुवारीच्या शेवटी झाड गुलाबी फुलांनी भरून जातं. मार्चमध्ये पालवी फुटते आणि दोन-तीन आठवड्यांत निम्म्याहून जास्त पानं लालसर, जाड आणि वेडीवाकडी होतात. एप्रिलमध्ये ती गळतात. मग नवी पालवी येते, ती मात्र चांगली असते. फळं शेकड्यांनी धरतात, पण लिंबाएवढीच राहतात. गेल्या जुलैत एक जाड फांदी फळांच्या ओझ्याने बुंध्यापासून फाटली. खालच्या फांद्या उघड्या पडल्या आहेत, सगळी हिरवळ आणि फळं शेंड्याला. खोडावर एका ठिकाणी डिंक आला आहे.

घरच्यांनी जे केलं ते आपल्याकडच्या सवयीने केलं. मिरचीचं पान असं वळलं की आपण त्याला चुरडा-मुरडा म्हणतो आणि फुलकिडे, कोळी यांच्यावर फवारणी करतो. म्हणून एप्रिलभर कडुनिंबाचं तेल मारलं, खराब पानं तोडून टाकली आणि झाड अशक्त दिसतंय म्हणून दोनदा नत्राचं खत घातलं. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा तेच झालं.

निदान

पान हातात घेतलं की बरंचसं कळतं. मावा असेल तर पान आतल्या बाजूला गुंडाळतं, पण पातळच राहतं. उलटं करून बघितलं तर हिरवट बारीक किडे दिसतात, बोटाला चिकटपणा लागतो आणि जवळपास मुंग्या फिरत असतात. या झाडाचं पान वेगळं होतं. शिरेलगतचा भाग फुगलेला, बोटांत दाबला तर चामड्यासारखा जाड आणि दाबताच कडकन मोडणारा. रंग पिवळट हिरव्यापासून किरमिजीपर्यंत. काही दिवसांनी त्याच फुगीर भागावर पिठुळ राखाडी-पांढरा थर आला. हा पीचचा पर्णकुरळ रोग, टॅफ्रिना डिफॉर्मन्स या बुरशीचा. तो पीच आणि नेक्टरिन (गुळगुळीत सालीचं पीच) या दोन झाडांना होतो. शेजारच्या लिंबाला किंवा टोमॅटोला त्याची भीती नाही.

ही बुरशी वर्षातले बहुतेक दिवस झाडावरच असते, फक्त दिसत नाही. त्या पांढऱ्या थरातून उडालेले बीजाणू सालीवर आणि डोळ्यांच्या (काडीवरच्या पानाफुलांच्या मिटलेल्या कोंबांच्या) खवल्यांवर जाऊन बसतात आणि तिथेच उन्हाळा काढतात. हिवाळी पावसात त्यांची संख्या वाढते. डोळा फुगून खवले जरा सैल झाले की पावसाच्या पाण्याबरोबर ते आतल्या कोवळ्या पानात शिरतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मार्गदर्शनाप्रमाणे त्यासाठी साडेबारा तासांहून अधिक ओल आणि ६१ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण १६ अंश सेल्सिअसच्या खालचं तापमान लागतं. झाड दोन दिवस किंवा जास्त भिजलेलं राहिलं तर लागण सगळ्यात जोरात होते. बे एरियाचा, म्हणजे या खाडीभोवतीच्या भागाचा, फेब्रुवारी-मार्च बघितला तर या दोन्ही अटी बहुतेक वर्षी पुऱ्या होतात.

म्हणजे मार्चमध्ये जे पान वाकडं दिसतं, ते डोळ्यात असतानाच बाधलेलं असतं. त्यानंतर कडुनिंब मारा, गंधक मारा की तांबं मारा, त्या वर्षीच्या पानाला काहीही फरक पडत नाही. खराब पानं तोडण्याचाही उपयोग झाल्याचं दिसत नाही. उलट त्यातली अर्धीमुर्धी हिरवी पानं झाडाला थोडं तरी अन्न देत असतात. एप्रिल-मेमध्ये हवा तापली की रोग आपोआप थांबतो, आणि इथेच फसगत होते. फवारणी केली आणि नवी पालवी चांगली आली, तेव्हा औषध लागू पडलं असं वाटतं. प्रत्यक्षात गुण हवामानाचा असतो.

आणखी एक शंका तपासून बाजूला ठेवावी लागते, ती थंडीची. पीचला हिवाळ्यात ४५ अंश फॅरनहाइटच्या (सुमारे ७ अंश सेल्सिअस) खालचे ठरावीक तास मिळावे लागतात. जातीप्रमाणे हे १५० तासांपासून ८००-९०० तासांपर्यंत बदलतं. थंडी अपुरी पडली तर फुलं एकदम न येता आठवडेच्या आठवडे रेंगाळत उमलतात, बरेच डोळे बंदच राहतात आणि फांदीच्या टोकालाच तेवढी पालवी फुटते. या झाडाला फूल एकसाथ येत होतं, म्हणून थंडीचा प्रश्न नव्हता. (नाशिक-पुण्याच्या नातेवाइकांना कोय पाठवायची इच्छा होते, पण तिथे अडचण नेमकी हीच आहे. ७ अंशांखालचे तास तिथे फारच थोडे मिळतात. लावायचंच असेल तर पंजाबात रुजलेल्या 'शान-ए-पंजाब'सारख्या कमी थंडीच्या जातीचं कलम पाहावं. कोयीपासून आलेलं झाड मूळ जातीसारखंच फळ देईल याची खात्री नसते.)

बाकीच्या तक्रारींची मुळं वेगळी. फळ बारीक राहणं आणि फांदी फाटणं हे विरळणी, म्हणजे जास्तीची कोवळी फळं काढणं, न केल्याने. खालच्या फांद्या उघड्या पडणं हे छाटणी न केल्याने. डिंकाचं कारण जमिनीलगत सापडलं: झाड हिरवळीच्या मधोमध होतं आणि तुषार सिंचनाचा एक नळ रोज पहाटे थेट खोडावर पाणी मारत होता.

पहिला वसंत: फवारणी नाही

एप्रिलमध्ये निदान झालं, पण नोव्हेंबरपर्यंत औषधाला जागा नव्हती. त्या दिवसांत काम एकच, झाडाची ताकद राखणं. पहिली पालवी गळली की दुसरी पालवी झाड साठवलेल्या अन्नावर काढतं. तीन-चार वर्षं असंच चाललं तर झाड खचतं, आणि भर उन्हात उघड्या राहिलेल्या फांद्यांची साल भाजते.

सगळ्यात आधी खोडावर पाणी मारणारा नळ बंद केला. बुंध्याभोवती तीन-साडेतीन फुटांपर्यंतची हिरवळ काढून टाकली, कारण गवत पाण्यात आणि नत्रात वाटेकरी असतं. तिथे तीन-चार इंच जाड लाकडी भुग्याचं आच्छादन घातलं, पण खोडापासून सहा इंच मोकळी जागा सोडली. ओलं आच्छादन सालीला टेकलं की बुंधा कुजतो. ठिबकची नळी गोल फिरवून फांद्यांच्या घेराखाली आणली.

फ्रीमाँटची माती चिकण. ती पाणी सावकाश पिते आणि बराच काळ धरून ठेवते. रोज थोडं पाणी दिलं की वरचा थर कायम चिखल आणि खाली कोरडं, शिवाय मुळांना हवा नाही. त्यापेक्षा हळूहळू, दीड-दोन फूट खोल ओल जाईल इतकं एकदम द्यावं आणि मग थांबावं. पुन्हा कधी द्यायचं हे कॅलेंडरवर ठरवू नये. खुरप्याने सहा इंच उकरावं, माती मुठीत दाबावी. गोळा चिकट आणि गार लागला तर थांबावं. दाबताच तुटून चुरा झाला तर पाणी द्यावं.

खताचा प्रश्न झाडालाच विचारता येतो. गेल्या वर्षीच्या काड्या दीड-दोन फूट वाढल्या असतील तर नत्र पुरेसं आहे. फूटभरही नसतील तर द्यावं. या झाडाच्या वरच्या काड्या तीन-तीन फूट गेल्या होत्या, म्हणून त्या वर्षी खत बंद ठेवलं. जादा नत्राने पाला माजतो, आतला भाग सावलीत जातो आणि खालच्या काड्या मरतात.

विरळणी: सगळ्यात जड जाणारं काम

एप्रिलच्या शेवटी फळं पाऊण ते एक इंच जाडीची झाली. हीच वेळ. यानंतर कोय टणक होऊ लागते, आणि तोपर्यंत झाडाने नको असलेल्या फळांवर बरीच शक्ती घालवलेली असते.

एक काडी घेऊन पाहू. दोन फूट लांबीची, तिच्यावर अठरा फळं, काही जोडीने चिकटलेली. डाव्या हाताने काडी फळाच्या मागे धरायची, उजव्या हाताने फळ जरा पिरगळून सोडवायचं. सरळ ओढलं तर कोवळी काडीच सोलली जाते. जोडीतलं एक आधी काढायचं. मग किडलेली, वेडीवाकडी आणि फांदीच्या बेचक्यात अडकलेली. उरलेल्यांत दोन फळांमध्ये पाच ते सात इंच अंतर राहील असं बघायचं. शेवटी त्या काडीवर चार फळं राहतात. चौदा फळं जमिनीवर पडलेली पाहून जीव हळहळतो, आणि घरात कुणीतरी अडवतंच. पण एक चांगलं फळ पोसायला साधारण तीस-चाळीस पानं लागतात. ज्या झाडाची पहिली पालवी गळून गेली आहे त्याच्याकडे ती आहेतच कुठे? म्हणून पहिल्या वर्षी अंतर सातच्याही पुढे, आठ-नऊ इंच ठेवलं. नाशिककडे द्राक्षाचं थिनिंग पाहिलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागत नाही.

जी फांदी तरीही वाकली तिला बेचकं असलेला टेकू दिला. फाटलेल्या फांदीचा लोंबता भाग सालीच्या कडेपर्यंत स्वच्छ कापून काढला. जखमेला काही लावलं नाही, ती मोकळी ठेवली की चांगली भरते.

छाटणी: फळ कुठल्या काडीला येतं

आंब्याच्या किंवा पेरूच्या झाडाला आपण कात्री क्वचित लावतो. पीचला दरवर्षी आणि भरपूर लावावी लागते, कारण त्याला फळ येतं ते फक्त गेल्या वर्षी वाढलेल्या काडीला. एकदा फळून गेलेल्या भागावर पुन्हा फूल येत नाही. छाटणी केली नाही तर फळणारा भाग दरवर्षी एक-दोन फूट वर आणि बाहेर सरकत जातो. चौदा फुटांवर लागणारी फळं आणि खालच्या नागड्या फांद्या हा त्याचाच परिणाम.

जानेवारीत चांगली काडी ओळखणं सोपं आहे. पेन्सिलीएवढी जाड, फूट-दीड फूट लांब, उन्हाकडची बाजू लालसर. पेरावर बोट फिरवलं तर तीन डोळे शेजारी लागतात: बाजूचे दोन गुबगुबीत आणि लव असलेले, ते फुलांचे, मधला बारीक आणि टोकदार, तो पानाचा. अशा काड्या ठेवायच्या. काडेपेटीतल्या काडीएवढ्या बारीक किंवा अंगठ्याहून जाड सरळसोट वाढलेल्या काढायच्या. निरोगी झाडावर गेल्या वर्षीची निम्मी वाढ काढली तरी चालते.

हे झाड अशक्त होतं, म्हणून उंची एकदम उतरवली नाही. ऑगस्टमध्ये फळं संपल्यावर शेंड्यातले पाणफुटवे (सरळसोट, माजलेले फुटवे) काढले, त्यामुळे आत ऊन आलं आणि खालून नवे फुटवे निघाले. जानेवारीत कोरडे दिवस बघून मधली उभी फांदी कापली आणि चारी बाजूंना जाणाऱ्या चार मुख्य फांद्या ठेवून झाडाचा आकार वरून उघड्या वाडग्यासारखा केला. पहिल्या वर्षी एकूण झाडाचा तिसरा हिस्सा, त्याहून जास्त नाही. नऊ फुटांवर आणायला दोन-तीन हिवाळे लागतील. एका दिवसात आणलं असतं तर आजवर सावलीत असलेल्या जाड फांद्या उन्हात भाजल्या असत्या आणि भाजलेल्या सालीत खोडकिडा शिरला असता. जो भाग उघडा पडला त्यावर आणि खोडावर घरातल्या भिंतीचा पांढरा लेटेक्स रंग समप्रमाणात पाणी घालून लावला. तेलाचा रंग चालत नाही.

फवारणी: पान गळाल्यावर

आता मुख्य उपाय. नोव्हेंबरच्या शेवटी नव्वद टक्के पानं गळली की पहिली फवारणी. तिथे थँक्सगिव्हिंगची सुट्टी ही सोयीची खूण. काही वर्षी पानं डिसेंबरपर्यंत टिकतात, तेव्हा थांबावं. पावसाळी वर्षी दुसरी फवारणी जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला, डोळे फुगायच्या आधी. डोळा आवळलेला आणि तपकिरी दिसतोय तोवर वेळ आहे. खवल्यांमधून करडी लव डोकावू लागली की घाई करावी, आणि गुलाबी रंग दिसला की वेळ गेली.

औषध ताम्रयुक्त. लाइम सल्फर (चुना आणि गंधकाचं द्रावण) कॅलिफोर्नियात घरगुती वापरासाठी आता मिळत नाही. दुकानात पीचच्या या रोगासाठी लेबल असलेला कॉपर साबण (तांबं असलेलं फवारणीचं द्रावण) मिळतो. त्याचं प्रमाण डब्यावर असेल तेच घ्यावं. त्यात बागेत झाडांवर फवारायचं तेल एक टक्का मिसळलं की औषध सालीला नीट पसरून चिकटतं. एक टक्का म्हणजे एक गॅलन पाण्यात अडीच टेबलस्पून, सुमारे ३८ मिलिलिटर.

मोरचूद आणि चुना घरी कालवून बोर्डो करायचा विचार द्राक्षपट्ट्यातून आलेल्या सासऱ्यांच्या मनात येणारच. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी हे आपल्याकडचं एक टक्क्याचं प्रमाण त्यांना तोंडपाठ असतं, आणि तयार मिश्रणात लोखंडाचं स्वच्छ पातं बुडवून तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय हेही. बोर्डो या रोगावर चालतो. पण घरच्या एका झाडासाठी दोन गॅलनचं मिश्रण अचूक करणं अवघड, आणि उरलेलं टिकत नाही. तयार औषध सोपं पडतं.

मारण्याची पद्धत औषधाइतकीच महत्त्वाची. पुढे किमान एक दिवस पाऊस नाही आणि वारा पडलेला आहे अशी सकाळ निवडावी. चष्मा, हातमोजे, लांब बाह्या. पंप अधूनमधून हलवावा, तांबं तळाशी बसतं. बुरशी काडीच्या सगळ्या बाजूंना असते, म्हणून झाडाभोवती फिरत, आतून बाहेर आणि खालून वर, प्रत्येक काडीवरून थेंब गळू लागेपर्यंत भिजवावं. एका बाजूला उभं राहून मारलेल्या फवाऱ्याने अर्धं झाड कोरडंच राहतं. मात्र पाणी वाहून रस्त्याच्या गटारात जाता कामा नये, कारण ते गटार खाडीला मिळतं आणि तांबं पाण्यातल्या जीवांना घातक आहे. मातीतही ते साठत जातं. म्हणून दोनच फवारण्या, त्याही वेळेवर. उन्हाळ्यात पुन्हा कशाला मारायचं नाही.

फवारणीपूर्वी जमिनीवरचा पाला गोळा केला आणि फांद्यांना लटकून राहिलेली काळी, वाळकी फळं एकेक करून काढली. ती पर्णकुरळाची नव्हेत, फळकूज करणाऱ्या दुसऱ्या बुरशीची घरं असतात आणि पुढच्या मोसमात फुलांवर तीच बुरशी पसरवतात.

पुढच्या मार्चमध्ये

बहुतेक पालवी सरळ आणि हिरवी आली. लाल, फुगलेली पानं दिसली ती शेंड्याला आणि शेजाऱ्याच्या कुंपणाकडच्या बाजूला, जिथे शिडीशिवाय पंप पोहोचला नव्हता. औषधात उणं नव्हतं, पोचण्यात होतं. झाड खाली आणण्याचं हेही एक ठोस कारण आहे: जमिनीवर उभं राहून जिथे फवारा पोचतो, तिथेच विरळणीला आणि काढणीला हात पोचतो.

फळं संख्येने कमी पण मुठीएवढी झाली. खालच्या फांद्यांवर ऑगस्टमध्ये निघालेले फुटवे पुढच्या हंगामाच्या काड्या म्हणून तयार आहेत. त्यामुळे जानेवारीत शेंडा आणखी दोन फूट उतरवता येईल.

डिंकाचं काम अजून संपलेलं नाही. पाणी थांबल्यावर तो बराच कमी झाला, पण एक जागा ओलीच आहे. डिंक नुसता पारदर्शक आणि मधाच्या रंगाचा असेल तर जखम, भाजलेली साल किंवा ताण ही कारणं संभवतात. त्यात लाकडाचा भुसा मिसळलेला असेल तर आत अळी आहे. सुरीच्या टोकाने सैल साल हलकेच उचलून खालचा थर बघावा. तो ओला आणि हिरवट-पांढरा असेल तर जिवंत आहे, तिथेच थांबावं. तपकिरी आणि मेलेला भाग खोडाच्या निम्म्या घेराहून जास्त पसरला असेल तर झाडाला फार वर्षं उरलेली नाहीत.

त्या शक्यतेसाठी दुसरं झाड आत्ताच लावून ठेवणं शहाणपणाचं, जुन्या झाडाच्या जागी नव्हे, दहा-बारा फूट दूर. मुळं उघडी असलेली कलमं जानेवारीत दुकानांत येतात. चिकण मातीत खोल खड्डा म्हणजे पाणी साचणारी बादली, म्हणून फूटभर उंच, तीन फूट रुंद उंचवटा करून त्यावर लावावं, कलमाचा जोड मातीच्या चार-पाच इंच वर राहील असं. खड्ड्यात खत घालू नये. लावल्याबरोबर शेंडा दोन-अडीच फुटांवर कापावा. जीवावर येतं, पण मुख्य फांद्या हाताशी येतात त्या यामुळेच. जात निवडताना पर्णकुरळाला बऱ्यापैकी तग धरणारी 'फ्रॉस्ट' बघावी. तिला सुमारे ७०० तास थंडी लागते, तेव्हा आपल्या गावात तेवढे तास मिळतात का हे आधी पाहून घ्यावं. आणि तग धरणारी असली तरी पहिली दोन-तीन वर्षं तिलाही नोव्हेंबरची फवारणी द्यावीच लागते.